पियानोचे पेडल आणि चार गज: प्रसिद्ध रचना स्ट्रिंग क्वार्टेटसाठी कशी बसवावी

वडोदऱ्यात स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि एक चेलो अशी चौकडी) उभे करू पाहणाऱ्या माणसाला पहिली अडचण स्वरांची येत नाही, माणसांची येते. सुरसागरच्या काठावरील संगीतशाळा १८८६ साली महाराजा सयाजीरावांच्या आश्रयाने आणि उस्ताद मौलाबक्ष यांच्या हातून सुरू झाली. आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेच्या रूपाने चालू आहे. त्यामुळे या शहरात व्हायोलिन वाजवणारे मिळतात. मात्र त्यांपैकी बहुतेकांची तालीम हिंदुस्थानी पद्धतीची असते, ते मांडी घालून बसतात, वाद्य षड्ज-पंचमात लावतात आणि स्टाफ नोटेशनपेक्षा सरगम अधिक सहज वाचतात. चेलोवादक शोधावा लागतो आणि व्हियोलावादक तर बहुधा मिळतच नाही. बाजारात छापील मिळणारी क्वार्टेटची रूपांतरे ज्यांच्यासाठी केलेली असतात, ते चौघे वेगळे असतात. म्हणून दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या एखाद्या माडीवर रविवारी जमणाऱ्या चौघांसाठी रूपांतर स्वतः करणे हाच बरा मार्ग आहे, आणि ते कसे करावे याची माहिती या लेखात दिली आहे. वाचकाला स्टाफ नोटेशन वाचता येते आणि कॉर्ड म्हणजे काय हे ठाऊक आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

रचनेची निवड

पियानोवरची किंवा ऑर्केस्ट्राची प्रत्येक आवडती रचना चार तारवाद्यांवर बसत नाही. निवड करताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे एका वेळी खरोखर स्वतंत्र अशा किती ओळी चालतात. तीन ते चार असतील तर रचना आपण होऊन क्वार्टेटकडे झुकते. दुसरी म्हणजे रचनेचा परिणाम कशावर उभा आहे. तो जर पियानोच्या पेडलमुळे एकमेकांत मिसळणाऱ्या वेगवान स्वरांवर उभा असेल, तर तारवाद्यांवर त्याचा केवळ सांगाडा उरतो.

बाखच्या चार आवाजी फ्यूग (एकच चाल एकामागून एक वेगवेगळ्या आवाजांत येते अशा रचना) या दृष्टीने तयार माल आहेत. मोझार्टने १७८२ च्या सुमारास बाखच्या पाच फ्यूग क्वार्टेटसाठी उतरवून घेतल्या होत्या, आणि नवशिक्याने याच वाटेने सुरुवात केली तर त्याला जवळजवळ काहीच बदलावे लागत नाही. बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटमधील प्रसिद्ध ‘एअर’चीही तीच गोष्ट आहे. मूळ रचना डी मेजरमध्ये पहिले व्हायोलिन, दुसरे व्हायोलिन, व्हियोला आणि खर्जाची साथ अशा चारच ओळींत लिहिलेली आहे. ‘जी तारेवरची एअर’ हे नाव मात्र आउगुस्ट विल्हेल्मी या जर्मन व्हायोलिनवादकाने १८७१ मध्ये केलेल्या रूपांतराचे आहे. संपूर्ण चाल व्हायोलिनच्या सर्वांत जाड तारेवर वाजवता यावी म्हणून त्याने ती सी मेजरमध्ये खाली आणली. क्वार्टेट बसवणाऱ्याने हे रूपांतर बाजूला ठेवून थेट मूळ स्कोअर घ्यावा, म्हणजे दुसऱ्या व्हायोलिनची आणि व्हियोलाची सुंदर ओळ हरवणार नाही.

पाखेलबेलचा कॅनन लग्नसमारंभांमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे, पण तो तीन व्हायोलिन आणि खर्ज यांच्यासाठी आहे. तिसऱ्या व्हायोलिनची ओळ व्हियोलाला द्यावी लागते आणि पहिलाच स्वर, वरचा एफ शार्प, व्हियोलाच्या पहिल्या पोझिशनच्या (डावा हात खुंट्यांजवळ असतानाच्या जागेच्या) बाहेर पडतो, म्हणून काही ओळी एक सप्तक खाली आणाव्या लागतात. चेलोला तेच आठ स्वर अठ्ठावीस वेळा वाजवावे लागतात, हे तर जगभरच्या चेलोवादकांचे जुने दुखणे आहे. निदान मधल्या काही आवर्तनांत खर्ज व्हियोलाकडे सोपवून चेलोला वरची एखादी ओळ द्यावी. चेलोवादक मुश्किलीने मिळाला असेल तर ही काळजी अधिकच घ्यावी, नाहीतर पुढच्या रविवारी तो येणार नाही.

हक्कांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: भारतीय कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षांनी रचना सर्वांसाठी खुली होते. बाख, मोझार्ट, बेथोव्हेन, शोपँ, देब्युसी यांच्या बाबतीत त्यामुळे अडचण नाही. मात्र अलीकडे कोणी संपादित केलेल्या आवृत्तीवर त्या संपादकाचा वेगळा हक्क असू शकतो. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्यांच्या प्रती मिळतात; त्यांपैकी सर्वांत जुनी घ्यावी.

वाद्यांच्या मर्यादा

व्हायोलिनच्या तारा खालून वर जी, डी, ए, ई; व्हियोलाच्या सी, जी, डी, ए; आणि चेलोच्या त्याच चार, व्हियोलाहून एक सप्तक खाली. व्हायोलिनला मध्य सी खालच्या जीच्या खाली जाता येत नाही, व्हियोलाला त्या जीखालच्या सीच्या खाली, आणि चेलोला त्याहून एक सप्तक खालच्या सीच्या खाली. ही तीन तळे कागदावर लिहून समोर ठेवावीत. वरची मर्यादा वादकावर अवलंबून असते. हौशी वादकासाठी पहिल्या व्हायोलिनला तिसऱ्या पोझिशनच्या पलीकडे फार वेळ ठेवू नये.

खुल्या, म्हणजे बोट न दाबता वाजणाऱ्या, तारा जितक्या अधिक वापरात येतील तितका आवाज भरीव होतो आणि सूर सांभाळणेही सोपे जाते. खुद्द बेथोव्हेनने १८०१-०२ मध्ये आपली ई मेजरमधील एक पियानो सोनाटा, ओपस १४ क्रमांक १, क्वार्टेटसाठी बसवली, तेव्हा ती एफ मेजरमध्ये नेली, कारण तेथे चेलो आणि व्हियोला यांची खालची खुली सी कामाला येते. १८०२ मध्ये प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात त्याने पियानोच्या रचना तारवाद्यांवर उतरवण्याच्या त्या काळच्या वेडाबद्दल तक्रार केली आहे, आणि असे करताना संपूर्ण जागा वगळाव्या लागतात, बदलाव्या लागतात आणि नव्याने घालाव्याही लागतात, असे म्हटले आहे. स्वर इकडून तिकडे नेणे म्हणजे रूपांतर, अशी समजूत असणाऱ्याने हे पत्र ध्यानात ठेवावे.

एक रचना सविस्तर: मूनलाइट सोनाटाचा पहिला भाग

बेथोव्हेनची ओपस २७ क्रमांक २ ही सोनाटा १८०२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा पहिला भाग आज मोबाइलच्या रिंगटोनपर्यंत पोहोचला आहे. एकूण ६९ बार आणि संथ लय आहे. वरवर पाहता ही रचना सोपी वाटते. मूळ सी शार्प मायनर मात्र तारवाद्यांना प्रतिकूल आहे, कारण त्यात खुल्या तारा फारशा लागत नाहीत. म्हणून पहिला निर्णय रचनेचा सूर, म्हणजे की, बदलण्याचा. सी मायनर आणि डी मायनर असे दोन पर्याय समोर येतात, आणि वडोदऱ्यातील चौघांसाठी मी डी मायनरच्या बाजूने आहे. त्याची कारणे पहिल्या चार बारमध्येच सापडतात.

मूळ रचनेत उजवा हात तीन-तीन स्वरांचे गट अखंड वाजवतो. डी मायनरमध्ये आणल्यावर पहिला गट ए, डी, एफ असा होतो. व्हियोलावर ए हा जी तारेवर पहिल्या बोटाने, डी खुल्या तारेवर आणि एफ त्याच तारेवर दुसऱ्या बोटाने मिळतो. म्हणजे दोनच तारांवर गज हलका झुलतो आणि डावा हात स्थिर राहतो. तिसऱ्या बारच्या उत्तरार्धात गट बी फ्लॅट, ई फ्लॅट, जी असा होतो, आणि चौथ्या बारच्या शेवटी जी, सी शार्प, ई असा. या चार बारमधला सर्वांत खालचा स्वर जी आहे, आणि तो नेमका व्हायोलिनची खुली खालची तार आहे. याचा अर्थ असा की व्हियोला न मिळाल्यास हीच ओळ तिसऱ्या व्हायोलिनला एकही स्वर न बदलता देता येते. मूळ सी शार्प मायनरमध्ये येथे एफ शार्प येतो, जो व्हायोलिनवर नाही. पुढे काही बारमध्ये स्वर याहून खाली जातात, तेथे तिसऱ्या व्हायोलिनसाठी गटाची उलथापालथ करावी लागते. म्हणून व्हियोलाचा पार्ट (एका वादकापुरती लिहिलेली प्रत) आल्टो क्लेफमध्ये आणि पर्यायी पार्ट ट्रेबल क्लेफमध्ये, असे दोन्ही सुरुवातीलाच तयार ठेवावेत.

आता खर्ज. बेथोव्हेनने डाव्या हाताला सप्तकाच्या जोड्या दिल्या आहेत, पण त्यांचा खालचा स्वर लवकरच चेलोच्या तळाखाली जातो. डी मायनरमध्ये वरचा स्वर घेतला की ओळ डी, सी, बी फ्लॅट, जी, ए, ए अशी उतरते. डी हा षड्ज मानला तर ती सा, कोमल नी, कोमल ध, म, प, प अशी होते, आणि हिंदुस्थानी तालमीच्या वादकाला ती एकदा ऐकूनच पाठ होते. जोडीतला खालचा स्वर गेल्याने खोली कमी होते, ही हानी मान्य करावी लागते. पाचव्या बारमध्ये मुख्य चाल सुरू होते, त्या ठिकाणी मात्र चेलोला एक सप्तक खालचा डी, म्हणजे सी तारेवरचा डी, देता येतो. तोपर्यंत वर राखलेला खर्ज चालीच्या प्रवेशाबरोबर खाली उतरला की हरवलेली खोली योग्य क्षणी परत मिळते. तेथे डी आणि त्याच्यावरचा ए असा डबल स्टॉप (दोन तारांवर एकदम वाजवलेले दोन स्वर) दिला तरी तो हौशी चेलोवादकाला जड जात नाही.

सर्वांत अवघड प्रश्न पेडलचा आहे. पियानोवर प्रत्येक गटाचे स्वर पेडलमुळे मागे रेंगाळतात आणि त्यांचा एक पडदा तयार होतो. व्हियोलाने फक्त गट वाजवले तर तो पडदा येत नाही, एखाद्या सरावाच्या अभ्यासासारखे ऐकू येते. यासाठी दुसऱ्या व्हायोलिनला प्रत्येक गटाचा मधला स्वर लांब धरायला द्यावा. चार बारमध्ये ही ओळ पुढीलप्रमाणे निघते: पूर्ण बार डी, पुन्हा पूर्ण बार डी, तिसऱ्या बारमध्ये डी आणि मग ई फ्लॅट, चौथ्या बारमध्ये सी शार्प, डी, डी, सी शार्प. सरगममध्ये ती सा, सा, सा–कोमल रे, शुद्ध नी–सा–सा–नी अशी होते. कोमल ऋषभावरून थेट शुद्ध निषादावर येणारी ही पायरी हाच या रचनेच्या आरंभीचा मर्मस्थानी असलेला स्वरसंबंध आहे. पियानोवर तो गटांच्या मध्ये लपून राहतो, क्वार्टेटमध्ये मात्र एका माणसाच्या हाती येतो. आमच्याकडचे व्हायोलिनवादक हा कोमल रे ओळखून त्यावर आपोआप हलकेसे आंदोलन घेऊ लागतात. मोह होणे स्वाभाविक आहे, पण येथे स्वर स्थिरच हवा, असे पार्टमध्ये लिहून ठेवावे.

अखंड गट एकट्या व्हियोलाकडून सुमारे सहा मिनिटे वाजवून घेणे अन्यायाचे आहे आणि गजाचा हातही थकतो. दर आठ-दहा बारनंतर वाक्य संपते तेथे गट दुसऱ्या व्हायोलिनकडे सोपवावेत आणि लांब स्वर व्हियोलाने घ्यावा. सोपवताना एका स्वराची वीण ठेवावी: व्हियोलाने पुढच्या बारचा पहिला स्वर वाजवूनच थांबावे आणि दुसऱ्या व्हायोलिनने त्याच स्वरावर सुरुवात करावी. ही वीण नसेल तर प्रत्येक बदलाच्या वेळी आवाजात भोक पडते. गजाच्या बाबतीत एका गजात सहा स्वर, म्हणजे अर्धा बार, ही रचनेच्या लयीला झेपणारी लांबी आहे. पूर्ण बार एका गजात लिहिल्यास गज संपत येतो आणि शेवटचे स्वर कापतात.

पहिल्या व्हायोलिनची चाल ए वर सुरू होते. खुली ए तार हाताशी असली तरी हा ए डी तारेवर चौथ्या बोटाने घ्यावा, कारण खुल्या तारेचा उघडा आवाज या शांत सुरुवातीत टोचतो. चालीच्या ठसका देणाऱ्या ‘लांब-छोटा-लांब’ आकारातला छोटा स्वर गटातल्या तिसऱ्या स्वराच्या जरासा नंतर येतो. हौशी वादक तो गटाबरोबरच वाजवतात आणि लय गुळगुळीत होते. म्हणून पहिल्या व्हायोलिनच्या पार्टमध्ये त्या ठिकाणी व्हियोलाचे गट लहान अक्षरांत छापून द्यावेत.

एक सापळा येथेच सांगून ठेवतो. मूळ स्कोअरच्या सुरुवातीला ‘सेन्झा सोर्दिनो’ अशी सूचना आहे. तारवादक त्याचा अर्थ ‘म्यूट (आवाज मंद करणारा चाप) न लावता’ असा घेतात. बेथोव्हेनला मात्र पियानोचे डँपर (तारांचा नाद थांबवणाऱ्या गाद्या) उचललेले, म्हणजे पेडल दाबलेले, अभिप्रेत आहे. ही सूचना तशीच उतरवली तर चौघेही नेमकी उलटी गोष्ट समजतात. ती पार्टमधून काढून टाकावी, आणि म्यूट लावायचा असेल तर तो आपला निर्णय म्हणून स्वतंत्रपणे लिहावा. माझ्या मते व्हियोला आणि दुसरे व्हायोलिन यांना म्यूट द्यावा, पहिल्या व्हायोलिनला आणि चेलोला देऊ नये.

ऑर्केस्ट्राची रचना असेल तर

येथे भर घालण्यापेक्षा वजाबाकीच अधिक करावी लागते. प्रथम स्कोअरमध्ये एकच ओळ किती वाद्यांना दिली आहे हे पेन्सिलीने खुणावे आणि नकला खोडाव्यात. मोझार्टची चाळिसावी सिंफनी, १७८८, हे चांगले उदाहरण आहे. तिच्या आरंभी पहिले आणि दुसरे व्हायोलिन तीच चाल एका सप्तकाच्या अंतराने वाजवतात आणि व्हियोला दोन गटांत विभागून खालची कुजबुज चालवतात. क्वार्टेटमध्ये व्हियोला एकच असतो. चालीतली खालची नक्कल काढून टाकली की दुसरे व्हायोलिन मोकळे होते, आणि व्हियोलाच्या दोन ओळींपैकी वरची त्याला देता येते. चाल थोडी बारीक होते, पण कुजबुज शाबूत राहते, आणि या सुरुवातीचा जीव त्या कुजबुजीतच आहे. फुंकवाद्यांची एकट्याने येणारी वाक्ये व्हियोलाला दिली तर आवाजाचा रंग बदलल्याचा भास निर्माण होतो. रचनेत टिंपनी (मोठे नगारे) असेल तर तिचे ठोके चेलोच्या पिझिकाटोवर, म्हणजे बोटाने तार छेडण्यावर, भागतात.

पार्ट आणि तालीम

म्यूझस्कोर हे विनामूल्य सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. सूर बदलण्याचे काम ते क्षणात करते. त्यानंतर शार्प-फ्लॅट मात्र डोळ्याखालून घालावेत, कारण ई फ्लॅटच्या जागी डी शार्प असे प्रकार त्यात शिरतात. सॉफ्टवेअरने वाजवून दाखवलेल्या नमुन्यावर समतोलाचा निर्णय घेऊ नये. तेथे गज कधी संपत नाही आणि चारही आवाज सारखेच ऐकू येतात.

सरगम वाचणाऱ्या वादकासाठी स्टाफखाली स्वरांची नावे लिहिण्यास हरकत नाही, पण संपूर्ण रचनेत एकच षड्ज ठेवावा. रचना मध्येच एफ मेजरकडे वळली तरी सा डीवरच राहू द्यावा. षड्ज हलवला की दोन वादक दोन वेगळ्या भाषांत बोलू लागतात. वाद्ये लावण्याचा प्रश्न तालमीपूर्वीच मिटवावा. षड्ज-पंचमात लावलेल्या व्हायोलिनच्या तारा जी-डी-ए-ई वर आयत्या वेळी ताणल्या तर तुटतात किंवा उतरत राहतात. शक्य असल्यास क्वार्टेटसाठी वेगळे वाद्य किंवा वेगळा तारांचा संच ठेवावा आणि निदान आदल्या दिवशी लावून ठेवावा. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडतात आणि मे महिन्यात सैल पडतात, हेही लक्षात घ्यावे.

बैठकीचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. चेलोवादक खुर्चीवरच बसणार. बाकीचे जमिनीवर बसले तर एकमेकांचा गज दिसत नाही आणि एकत्र सुरुवात होत नाही. खाली बसूनच वाजवणारा वादक असेल तर त्याच्यासाठी चेलोच्या खुर्चीइतक्या उंचीची चौकी ठेवावी. पंख्याखाली पाने उडतात म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे जवळ असावेत. पान उलटण्याची जागा त्या वादकाला निदान दोन बार विश्रांती असेल तेथेच यावी, अशा रीतीने पार्टची मांडणी करावी. मूनलाइटमध्ये गट वाजवणाऱ्याला विश्रांतीच नसते, म्हणून त्याची पाने शेजारी शेजारी चिकटवून एकाच पट्टीसारखी स्टँडवर ठेवावी लागतात.

पहिल्या तालमीत चाल बाजूला ठेवून फक्त चेलो आणि दुसरे व्हायोलिन यांना लांब स्वर वाजवायला लावावेत. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानांचा येथे मोठा लाभ होतो. मेजर कॉर्डमधला तिसरा स्वर पियानोवरच्यापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली घेतला की कॉर्ड स्वच्छ लागतो, आणि आपल्या वादकांना ही जागा सांगावी लागत नाही, ती सापडते. त्यांचा सूर पियानोशी जुळवून दुरुस्त करण्याचा आग्रह धरू नये. व्हियोला या दोघांत मिसळल्यावर आणि तिघांचा पडदा स्थिर झाल्यावरच पहिल्या व्हायोलिनला चाल सुरू करू द्यावी. प्रत्येक तालमीनंतर चौघांनीही आपापल्या पार्टवर केलेल्या खुणा त्याच रात्री मूळ फाइलमध्ये उतरवाव्यात, अन्यथा दोन आठवड्यांनी चार पार्ट चार वेगळ्या रचनांचे होतात.

राहता राहिला शेवट. मूळ रचनेच्या अखेरच्या भागात चालीचा तो ठसका देणारा आकार डाव्या हाताकडे, खर्जात उतरतो. तेथे तो निःसंकोचपणे चेलोला द्यावा आणि तोवर चाल वाजवणाऱ्या पहिल्या व्हायोलिनला मागे घ्यावे. शेवटचे दोन कॉर्ड पियानोवर आपोआप विरतात. गज मात्र कोणीतरी उचलावा लागतो. चौघांनी एकदम न उचलता प्रथम पहिले व्हायोलिन, मग व्हियोला आणि दुसरे व्हायोलिन, आणि सर्वांत शेवटी चेलो, असा क्रम पार्टमध्ये लिहावा. त्याच जागी मूळ स्कोअरमध्ये ‘आटाका’, म्हणजे न थांबता पुढचा भाग सुरू करावा, अशी सूचना आहे. पुढचा भाग आपण बसवलेला नसेल तर तीही खोडावी, नाहीतर एखादा प्रामाणिक वादक पान उलटून पुढचे स्वर शोधू लागतो.